मग औषध का फवारत नाही?

सुट्टीत घरी आले की निफाडचे मामा मला एकच प्रश्न विचारतात आणि अलीकडे तो इतरांकडूनही येऊ लागला आहे: “इंग्लंडमधली झाडे बुरशीने मरतात हे समजले, मग तुम्ही औषध का फवारत नाही?” द्राक्षबागेत केवडा आणि भुरी या रोगांशी जन्मभर झुंजलेल्या माणसाला हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, म्हणून यंदा सविस्तर लिहिते.

मी काम करते ते ॲश या झाडावर. रोग लागला की त्याच्या फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, आणि फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीवर शंकरपाळ्याच्या आकाराचा काळपट डाग दिसतो. हे घडवणारी हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस ही बुरशी हिवाळा झाडावर नव्हे, तर जमिनीवर पडलेल्या पानांच्या देठांत काढते. उन्हाळ्यात त्या कुजक्या देठांवर काही मिलिमीटरच्या पांढऱ्या छत्र्या उगवतात आणि त्यांतून सुटलेले बीजाणू वाऱ्याने नव्या पानांवर जाऊन बसतात. म्हणजे फवारायचे तर वीस-पंचवीस मीटर उंचीच्या प्रत्येक झाडावर, उन्हाळाभर, दर वर्षी फवारावे लागेल. पालापाचोळ्यावर फवारले, तर तो कुजवणाऱ्या, जंगलाला हव्याच असणाऱ्या शेकडो बुरश्याही मरतील. बागेला मालक असतो, ओळी असतात आणि पिकाचे पैसे येतात. जंगलाला यातले काहीच नसते.

ही बुरशी मुळात युरोपची नव्हे. पूर्व आशियात ती मांचुरियन ॲशच्या पानांवर फारसे नुकसान न करता राहते. पोलंडमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला झाडे वाळू लागली, पण बुरशीला नाव मिळाले ते 2006 मध्ये. त्यानंतरही काही काळ ती युरोपातल्याच एका निरुपद्रवी बुरशीचे रूप समजली गेली, कारण दोघींच्या छत्र्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. दोन्ही वेगळ्या आहेत हे डीएनएने दाखवले. पुढे 2018 मध्ये जनुकीय अभ्यासातून निघालेला निष्कर्ष मला आजही थक्क करतो: युरोपभर पसरलेली ही सगळी प्रजा या बुरशीच्या अवघ्या दोन मूळ जीवांपासून वाढलेली आहे. दोन!

ब्रिटनमध्ये ती 2012 च्या आरंभी बकिंगहॅमशायरच्या एका रोपवाटिकेत, नेदरलँड्सहून आणलेल्या रोपांवर सापडली. ऑक्टोबरपर्यंत पूर्वेकडच्या जंगलांतही दिसली आणि मग आयातीवर बंदी आली. ज्या देशात ॲशची रोपे कुंपणाकडेला कुणी न लावता उगवतात, तिथे ती समुद्रापलीकडून विकत आणली जात होती, याचा मला अजूनही राग येतो. मामांना मी आठवण करून देते, की त्यांचा केवडाही असाच अमेरिकी वेलींबरोबर 1870 च्या दशकात फ्रान्समध्ये पोचला आणि त्यावरच्या धडपडीतून 1885 च्या सुमारास बोर्डो मिश्रण हे फवारणीचे औषध पुढे आले. (केवड्याचा जीव काटेकोरपणे पाहता खरी बुरशी नव्हे, पण तो वाद बांधावर घालण्यात अर्थ नाही.)

मग आम्ही करतो तरी काय? शंभरांतली एक ते पाच झाडे रोगट जंगलातही बऱ्यापैकी हिरवी राहतात, आणि हा गुण बियांतून पुढच्या पिढीत उतरतो. 2013 मध्ये आग्नेय इंग्लंडमध्ये सुमारे दीड लाख रोपे मुद्दाम उघड्यावर लावली गेली, ती यासाठीच. जी तगतात त्यांच्या फांद्यांची कलमे बांधायची, ती एकत्र वाढवायची आणि त्यांच्यापासून बी धरायचे.

हे ऐकून मामा म्हणाले, “म्हणजे वाण काढताय, असे सरळ सांग ना.” मग त्यांनी किती वर्षे लागतील ते विचारले. जंगलातल्या ॲशला बी धरायलाच तीसेक वर्षे लागतात, हे मी सांगितल्यावर त्यांनी बोटांवर स्वतःचे वय मोजले आणि चहा मागवला.