रात्रीचे विमान आणि हातातला एक दिवस

विमानतळापासून हाकेच्या अंतरावर, पार्ल्यात राहत असल्यामुळे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत तर त्याचा हंगामच असतो. परदेशी स्थायिक झालेली मित्रमंडळी पुण्याहून किंवा सांगलीहून परतीच्या वाटेवर मुंबईत उतरणार आहेत, विमान रात्री अडीचचे आहे, तर मधल्या दिवसात त्यांना काय काय दाखवावे? तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पहिली सूचना अशी की तिकिटावरची तारीख दोनदा वाचावी. पंधरा तारखेचे रात्री अडीचचे विमान म्हणजे चौदा तारखेच्या रात्री अकरा-साडेअकराला विमानतळावर हजर असणे, आणि या साध्या हिशेबात भल्याभल्यांची गफलत होते. दुसरी सूचना सामानाची. मोठ्या बॅगा विमानतळाजवळच, हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे ठेवाव्यात आणि मोकळ्या हातांनी दक्षिणेकडे निघावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून हे फारच सोपे झाले आहे. विमानतळाच्या टर्मिनल २ च्या स्थानकावरून तासाभराच्या आत माणूस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचतो आणि संध्याकाळी त्याच मार्गाने, द्रुतगती मार्गावरच्या कोंडीचा विचारही न करता, परत येतो.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक यजमान गाडी ठरवतात आणि सिद्धिविनायक, हाजी अली, गेटवे, राणीची बाग, जुहू असा फेरा आखतात. त्या फेऱ्यात पाहुणे दिवसाचा निम्मा वेळ सिग्नलला उभे असतात आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे उतरून फोटो काढतात. तीन-चार वर्षांनी भेटलेल्या मित्रांबरोबरचा शेवटचा दिवस असा घालवणे मला पटत नाही. त्या दिवशी पाहणे आणि बोलणे ही दोन्ही कामे एकत्र व्हायला हवीत आणि त्यासाठी पायी फिरण्याजोगा एकच भाग निवडावा. माझ्या मते तो भाग म्हणजे दक्षिण मुंबईतला फोर्ट.

सुरुवात सकाळी नऊच्या सुमारास टर्मिनसच्या इमारतीसमोर करावी, कारण लोकलमधून उतरलेले नोकरदारांचे लोंढे त्या वेळी बाहेर पडत असतात आणि ही इमारत गर्दीसह पाहण्यातच खरी गंमत आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही वास्तू २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, हे पाहुण्यांना आधीच ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसतात ते फाटकाच्या खांबांवरचे दोन प्राणी. एका खांबावर ब्रिटनचा सिंह आणि दुसऱ्यावर भारताचा वाघ बसवला आहे. दोघांच्या चेहऱ्यांपैकी कोणाचा अधिक प्रसन्न आहे, यावर आमच्याकडच्या पाहुण्यांचे अजून एकमत झालेले नाही.

तिथून हुतात्मा चौकाकडे रमतगमत यावे. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या शेजारचे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक एकाच चौकात आहे, आणि परदेशात वाढलेल्या मुलांना महाराष्ट्र राज्य कसे झाले हे सांगायला याहून सोयीची जागा नाही. वाटेत वडापाव खाऊन घ्यावा. पाणीपुरीचा मोह मात्र आवरावा. पुढे लांबचा हवाई प्रवास आहे.

ऊन चढले की काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरावे. सगळी दालने पाहण्याचा अट्टहास नको. लघुचित्रे आणि शिल्पे पाहून, बागेत थोडे बसून बाहेर पडावे. ही इमारत आणि गेटवे ऑफ इंडिया, दोन्ही जॉर्ज विटेट या एकाच वास्तुकाराची, त्यामुळे जेवण झाल्यावर गेटवेकडे जाताना विषयही आपोआप पुढे सरकतो. ज्याच्या आगमनाची आठवण म्हणून गेटवे उभारले तो राजा पंचम जॉर्ज १९११ साली आला तेव्हा ते बांधलेलेच नव्हते. ते पूर्ण झाले १९२४ साली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडून मायदेशी निघाली. समोर घारापुरीच्या बोटी दिसतात आणि पाहुण्यांचे पाय तिकडे वळतात. तिथे ठाम राहावे. जाऊन-येऊन दोन तास पाण्यावर, वर शंभरावर पायऱ्या, सोमवारी लेणी बंद आणि पावसाळ्यात समुद्राचा भरवसा नाही. घारापुरीला पुढच्या खेपेस अख्खा दिवस द्यावा.

दुपार कलली की ओव्हल मैदानावर यावे. संपूर्ण दिवसातून एकच जागा ठेवायची झाली तर मी ही ठेवीन. मैदानाच्या मधोमध उभे राहून पूर्वेकडे पाहिले की १८७० च्या दशकातली उच्च न्यायालयाची आणि विद्यापीठाची उंच निमुळत्या शिखरांची गॉथिक रांग दिसते, आणि तिच्यात राजाबाई टॉवर. तोंड पश्चिमेला फिरवले की १९३० च्या दशकातली आर्ट डेको घरे: गोलाई दिलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे सरळ छज्जे, दारावर ठसठशीत अक्षरांत कोरलेली इमारतीची नावे. पूर्वेची रांग बांधली गेली तेव्हा पश्चिमेची जमीन नव्हतीच. तिथवर समुद्र होता, आणि बॅकबे या उपसागरात घातलेल्या भरावाने तो मागे हटल्यावर ही दुसरी रांग उभी राहिली. या दोन्ही रांगा २०१८ साली एकत्रितपणे जागतिक वारसा ठरल्या. मधल्या मैदानात मात्र एकाच वेळी अनेक क्रिकेटचे सामने चाललेले असतात आणि कोणाचा चेंडू कुठल्या सामन्यातला हे खेळणाऱ्यांनाच कळते. कडेला बसून हे बघत तासभर गप्पा होतात.

मग चालत मरीन ड्राइव्हला जावे, सूर्यास्त पाहावा आणि सात-साडेसातला मेट्रो पकडावी. रात्रीचे जेवण विमानतळाजवळ, साधे, वरणभाताचे. टर्मिनलमध्ये तिकीट असलेल्यालाच प्रवेश मिळतो आणि दारात गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत, त्यामुळे मिठ्या मारणे, आशीर्वाद, पोरांच्या हातावर पैसे ठेवणे हे सगळे घरीच उरकावे.

शेवटचे एक काम निघण्यापूर्वीचे. बॅग बंद करण्याआधी त्यात कोणा मावशीने प्रेमाने भरलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आहेत का, हे बघावे. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून चेक-इनच्या सामानात त्याला मनाई आहे. आमच्या घरात अशा मागे राहिलेल्या वाट्यांचा एक डबाच झाला आहे आणि गेले काही महिने मला खोबरे विकत आणावे लागलेले नाही.