पायाशी पडलेली साखळी

११ नोव्हेंबर, मध्यरात्र

आज शस्त्रसंधीचा दिवस. १९१८ साली याच दिवशी सकाळी ११ वाजता पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या. गेले काही दिवस स्मारकांविषयी वाचते आहे. आज मनात घोळत राहिलेले लिहून ठेवते.

न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे वरून घेतलेले छायाचित्र काल प्रथमच नीट पाहिले. १८८६ मध्ये उभा राहिलेला हा पुतळा आपण सारे मशालीवरून आणि मुकुटावरून ओळखतो. पण तिच्या पायाशी तुटलेली बेडी आणि साखळी पडलेली आहे, आणि उजवी टाच उचललेली आहे, म्हणजे ती नुसती उभी नसून चालू लागली आहे, हे मला इतकी वर्षे ठाऊकच नव्हते. चौथऱ्याखाली उभ्या असलेल्या माणसाला ही साखळी जवळजवळ दिसतच नाही. पुतळ्याची कल्पना ज्यांची मानली जाते ते फ्रेंच विचारवंत एदुआर द लाबुले गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते आणि अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, हे ध्यानात घेतले की वाटते, खरे तर नजर आधी त्या साखळीवरच पडायला हवी होती. भव्य पुतळ्यांविषयी माझी हीच तक्रार आहे. ते मान वर करायला लावतात, ऊर भरून येतो, आणि ज्याच्यासाठी ते उभारले ते मात्र पायाशी राहून जाते.

नावांची स्मारके मला म्हणूनच अधिक जवळची वाटतात. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाचा आराखडा माया लिन यांनी केला तेव्हा त्या अवघ्या २१ वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. काळ्या, आरशासारख्या घोटलेल्या ग्रॅनाइटवर ५८,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत आणि ती वर्णानुक्रमे नाहीत, मृत्यूच्या तारखेनुसार आहेत. त्यामुळे आपल्या माणसाचे नाव शोधणाऱ्याला त्याच्या शेजारी त्याच दिवशी गेलेले सोबती सापडतात, आणि वाचताना दगडात स्वतःचा चेहराही दिसत राहतो. लोक नावावर कागद धरतात आणि शिसपेन्सिल आडवी करून घासतात, लहानपणी आपण नाण्यावर घासायचो तशी. कोरलेला भाग कोरा राहतो आणि करड्या रंगातून एकेक अक्षर पांढरे उमटत जाते. तो कागद घडी करून घरी नेता येतो. एवढ्या मोठ्या भिंतीतून एका माणसाचे नाव आपल्यासोबत नेता यावे, याहून अधिक मी कोणत्याही स्मारकाकडे मागणार नाही.

फ्रान्समधील तिएपवालच्या स्मारकाची रीत वाचून तर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. पहिल्या महायुद्धात सोम नदीकाठच्या रणभूमीवर बेपत्ता झालेल्या ७२,००० हून अधिक सैनिकांची नावे तिथे आहेत. त्यांपैकी कुणाचे अवशेष आजही शेतात सापडले आणि ओळख पटली, की त्याला सन्मानाने कबर मिळते आणि यथावकाश त्याचे नाव स्मारकावरून काढले जाते. नाव पुसले जाणे ही एरवी किती वाईट गोष्ट, आणि इथे तो माणूस अखेर सापडल्याची ती खूण.

बेल्जियममधील ईपर गावाच्या मेनिन गेट या रस्त्यावरच्या कमानीवरही अशीच ५४,००० हून अधिक बेपत्ता सैनिकांची नावे आहेत. १९२८ पासून तिथे रोज रात्री ८ वाजता बिगूल वाजतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव ताब्यात घेतल्यावर तो थांबला. ६ सप्टेंबर १९४४ रोजी गाव मुक्त झाले, आणि आसपास लढाई चालू असतानाच त्याच संध्याकाळी लोकांनी कमानीखाली येऊन तो पुन्हा वाजवला.

साडेबारा वाजत आले आहेत, म्हणजे ईपरला रात्रीचे आठ होत असतील. कमानीखालची वाहने थांबवली गेली असतील.