"लिंक आहे का?"

मराठी पिक्चर रिलीज झाला की पहिले दोन दिवस कुणाला पत्ताच नसतो. रविवारी रात्री कुणीतरी बघून येतो आणि ग्रुपवर टाकतो, "भारी आहे, चुकवू नका". त्याखाली पहिला रिप्लाय, "लिंक आहे का?" आणि पाच मिनिटांत दुसरा, "टेलिग्रामला आलाय, थांब टाकतो". लिंक म्हणजे चोरून टाकलेल्या फुकट कॉपीची. नातेवाईकांचा ग्रुप घ्या, सोसायटीचा घ्या, शाळेच्या बॅचचा घ्या, सगळीकडे तेच. विचारणारे काही परिस्थितीने गांजलेले नसतात हो, एका रात्री हॉटेलात दोन हजाराचं बिल सहज भरणारी माणसं आहेत ही, म्हणून जास्त जीव जळतो.

मोठ्या हिंदी पिक्चरचं गणित वेगळं असतं. हजारो स्क्रीन, तीन दिवसात तुफान ओपनिंग, वर म्युझिक, सॅटेलाइट म्हणजे टीव्ही, आणि ओटीटी यांच्या हक्कांचे पैसे. मराठीकडे पब्लिसिटीला पैसाच नसतो, त्यामुळे मराठी पिक्चर उभा राहतो तो माऊथ पब्लिसिटीवर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. 2023 ला 'बाईपण भारी देवा' कसा चालला आठवतंय ना? बायका घोळक्याने, नटूनथटून, साड्या नेसून थेटरात जात होत्या कारण आधी जाऊन आलेल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. पायरसी नेमकी इथेच घाव घालते. पिक्चर चांगलाय ही बातमी पसरायला आणि कॉपी यायला एकच वेळ, म्हणजे जेवढं कौतुक जास्त तेवढे डाउनलोड जास्त, आणि सोमवारी थेटरवाला रिकाम्या खुर्च्या बघून शो काढून टाकतो, मग ज्याला खरंच तिकीट काढून बघायचा होता त्यालाही तो मिळत नाही.

यावर एक उत्तर हमखास येतं, "सैराट लीक होऊन पण चालला की". हो, चालला. 2016 ला कॉपी मोबाईलवर फिरत असतानाही लोक ट्रॅक्टर-टेम्पो भरून थेटरात गेले, साताऱ्याकडे रहिमतपूरला तर मध्यरात्री शो लावावे लागले. पण असा पिक्चर दहा वर्षात एखादाच येतो ओ, त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्या सगळ्यांना मरू द्यायचं का? आणि त्याच वर्षी जूनमध्ये 'उडता पंजाब' रिलीजच्या दोन दिवस आधी नेटवर आला, कोपऱ्यात 'फॉर सेन्सॉर' लिहिलेली कॉपी! त्याच्या आदल्या वर्षी मल्याळम 'प्रेमम'चंही तेच, सेन्सॉरला दिलेलीच कॉपी फुटली. म्हणजे दरवेळी थेटरात कुणी मोबाईल लपवून शूट करतो असंही नाही, कधीकधी घरभेदीच असतो.

आणि ती थेटरात शूट केलेली कॉपी लोक बघतात तरी कशी? मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं येतं, आवाज घुमतो, कोपऱ्यात सट्ट्याच्या साईटची जाहिरात सरकत असते. साउंडवाल्याने रात्र रात्र बसून पावसाचा, एसटीचा, विहिरीवरचा आवाज लावलेला असतो आणि तो आपण फोनच्या स्पीकरवर ऐकून "ठीकठाक आहे" म्हणतो.

एक गोष्ट मात्र मान्यच करायला हवी. कितीतरी तालुक्यांना आज थेटरच उरलं नाही, टुरिंग टॉकीज गेल्या, सिंगल स्क्रीनची मंगल कार्यालयं झाली. मराठीला प्राइम टाइम मिळावा म्हणून 2015 ला सरकारला मल्टिप्लेक्सवाल्यांच्या मागे लागावं लागलं, तरी आजही सकाळचा अकराचा शो दिला जातोच, नोकरी करणारा माणूस जाणार कधी? परदेशात तर तिथल्या महाराष्ट्र मंडळाने हॉल बुक करून एखादा शो लावला तरच. तिथे "मग बघू कुठे?" हा प्रश्न मला खरा वाटतो. पण पुण्या-ठाण्यात घरापासून दहा मिनिटांवर शो लागलेला असताना लिंक मागणाऱ्याला तो विचारायचा अधिकार नाही.

कायदा आहे, चांगला कडक आहे. 2023 ला सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला, पायरसी करणाऱ्याला कमीत कमी तीन महिने ते तीन वर्षं कैद, दंड तीन लाखांपासून पिक्चरच्या खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. केंद्राने या तक्रारी घ्यायला नोडल ऑफिसर नेमले, तक्रार आली की 48 तासात लिंक काढायची. पण इथे मराठीवाल्याची खरी अडचण बघा. तक्रार करायची कुणी? तर मुख्यतः ज्याच्याकडे हक्क आहेत त्याने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने, कागद जोडून, प्रत्येक लिंक शोधून. मोठ्या स्टुडिओकडे यासाठी पगारी एजन्सी असते. आपल्याकडचा प्रोड्युसर म्हणजे बऱ्याचदा पहिलटकर, जमीन-फ्लॅट गहाण टाकलेला, रिलीजच्या आठवड्यात शो वाचवायला थेटरवाल्यांना फोन करत बसलेला. एक चॅनल बंद होईपर्यंत त्याच नावाचे चार नवे उघडतात, आणि 48 तास म्हणजे त्याचा अख्खा शनिवार-रविवार गेला. ओटीटीकडे गेला तर तिथे बऱ्याचदा जेवढे लोक बघतील तेवढे पैसे असा करार, आणि बघणाऱ्यांनी तर तो आधीच फुकट बघितलेला.

म्हणून मला वाटतं चित्रपट महामंडळाने आणि सरकारने मिळून लिंक शोधून काढायला एक कायमची टीम ठेवावी, सगळ्या मराठी पिक्चरसाठी एकच, रिलीजच्या शुक्रवारपासून पुढचे तीन आठवडे रात्रंदिवस बसणारी. अनुदान देताच ना, मग त्यातलाच थोडा पैसा इकडे वळवा.