आमची वाटचाल : जेवणाआधी की जेवणानंतर

2014च्या पाडव्याला सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत पाच मिनिटांवर, आम्ही आमचं मेडिकल उघडलं. गाळा 120 चौरस फुटांचा. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्याला निदान 10 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण 108 चौरस फूट. तेवढी भरणारा आणि आमच्या ऐपतीतला तो एकच गाळा सापडला. भिंतीवर परवाना लावला. त्यावर फार्मासिस्ट म्हणून माझं नाव होतं. ते तिथं यायला पाच वर्षं गेली, कारण मी मूळची बी.कॉम.

हे गिऱ्हाइकांना कळलं की बी.ए., बी.कॉम. झालेली मुलं-मुली दुपारच्या निवांत वेळी विचारायला येतात. "अक्का, डिग्री झाल्यावर या लाइनला येता येतं का ओ?" त्यांना काउंटरवर उभ्या उभ्या जे सांगते, ते इथं जरा सवडीनं लिहिते.

2006 साली पदवी घेतली आणि एका औषध स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, बिलिंगला लागले. मालक जुने, हिशेबाला कडक, माणूस चांगला. दिवसभर फोनवरून ऑर्डर घ्यायच्या, बिलं काढायची, दहावर एक अशा स्कीम बघायच्या, एक्सपायरी आणि ब्रेकेजचा माल परत घेऊन क्रेडिट नोट करायची. दोन वर्षांत मला हजारभर ब्रँडची नावं पाठ झाली. कोणती कंपनी, कितीचा पत्ता म्हणजे गोळ्यांची पट्टी, कोणत्या कपाटात, सगळं डोळे मिटून सांगायचे.

कायद्यात घाऊक आणि किरकोळ यांत मोठा फरक आहे, हे तिथंच कळलं. घाऊक परवान्यासाठी फार्मासिस्टच लागतो असं नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर आणि त्याला औषधविक्रीचा एक वर्षाचा अनुभव असला तरी चालतो. दहावी पास माणसाला चार वर्षांचा अनुभव लागतो. त्यामुळे वर्षभरानं मालकांनी त्यांच्या परवान्यावर माझं नाव घातलं. मला वाटलं, आता आपलंही एखादं मेडिकल टाकू. मालक म्हणाले, "बाई, पेटीनं विकणं वेगळं आणि माणसाच्या हातात गोळी देणं वेगळं. तिथं फार्मासिस्टच पाहिजे." मी ऐकलं आणि सोडून दिलं.

सोडून दिलेली ही गोष्ट 2009 मध्ये परत समोर आली. संध्याकाळी मी ओळखीच्या एका मेडिकलमध्ये हिशेब लिहायला जायचे. एक दिवस तिथला फार्मासिस्ट जेवायला गेला होता. विडी वळणाऱ्या एक मावशी थायरॉइडच्या गोळ्यांची शंभराची डबी घ्यायला आल्या. नाव वाचून मी डबी काढून दिली. त्यांनी विचारलं, "जेवायच्या आधी का नंतर?" मला माहीत नव्हतं. पण काउंटरच्या आत उभं राहून माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "नाश्ता झाल्यावर घ्या."

तीन महिन्यांनी त्या परत आल्या. तपासणीत आकडा हललाच नव्हता. डॉक्टरांनी डोस वाढवायच्या आधी विचारलं, गोळी कशी घेता? तेव्हा सगळं कळलं. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग निदान अर्धा तास चहासुद्धा घ्यायचा नाही. पोटात अन्न असलं की ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर पाहिजे. मावशी रागावल्या नाहीत. "तुला तरी कसं कळणार गं," एवढंच म्हणाल्या. शंभर दिवस ती बाई थकवा, सूज, अंगदुखी घेऊन विड्या वळत होती, आणि मी तिला अंदाजानं उत्तर दिलं होतं.

त्या आठवड्यात फार्मासिस्ट कसं व्हायचं याची चौकशी सुरू केली. डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, बारावी विज्ञान लागते, भौतिक आणि रसायन सक्तीचे, सोबत जीवशास्त्र किंवा गणित. माझ्या बी.कॉम.ला तिथं काही किंमत नव्हती. वयाची अट मात्र नव्हती. नोकरी, घर, तीन वर्षांची मुलगी, हे सगळं सांभाळून नियमित कॉलेजात अकरावी-बारावी करणं शक्य नव्हतं. म्हणून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून, म्हणजे एनआयओएसकडून, बारावी विज्ञानाला बसले. त्यांची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि सगळे विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नसते. प्रात्यक्षिकं मात्र केंद्रावर जाऊन करावीच लागतात.

गल्लीत चर्चा झाली. बी.कॉम. झालेली बाई परत बारावीला बसते म्हणजे आधीची डिग्री खोटी होती की काय, असं एकीनं सासूबाईंना विचारलं. सासूबाईंनी तिला काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे चार ते सहा मुलगी त्यांच्या अंथरुणात झोपायला लागली. रसायनातला मोल मला दोन महिने समजला नाही. शेवटी मालकांच्याच गोदामात बॉक्स मोजताना समजला. डझन म्हणजे बारा, ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस, तसाच मोल म्हणजेही एक ठरलेली मोजणी, फक्त आकडा अफाट मोठा. भौतिकात काठावर पास झाले, जीवशास्त्रात चांगले गुण मिळाले.

2011 मध्ये डी.फार्म.ला प्रवेश मिळाला. वर्गात सगळी अठरा वर्षांची, मी सव्वीसची. पहिल्या वर्षी शरीरशास्त्र, औषधी वनस्पती, जीवरसायन. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी (औषध शरीरात कसं काम करतं त्याचं शास्त्र), औषधांचे कायदे, हॉस्पिटल फार्मसी आणि दुकान चालवण्याचा एक स्वतंत्र विषय. त्या शेवटच्या विषयात ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, मालाची नोंद असं सगळं होतं. पोरं घाबरायची. मी त्यांना कँटीनमध्ये खतावणी शिकवायचे आणि ती मला रसायनातल्या रचना काढून दाखवायची. फार्माकॉलॉजीच्या तासाला थायरॉइडचा धडा आला, त्या दिवशी मी वहीत काही लिहिलं नाही. नुसतं ऐकलं.

दोन वर्षांनंतर 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं. त्यातले निदान 250 तास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध देण्याचे. मी ते एका रुग्णालयाच्या औषध विभागात केलं. या लाइनला येऊ पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे की हे तास फक्त सहीपुरते करू नका. मी जे काही शिकले, त्यातलं निम्मं त्या खिडकीवर शिकले. मग महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली.

याच काळात मला एक सोपी वाट दाखवली गेली होती, तीही लिहायला हवी. कुणातरी फार्मासिस्टचं सर्टिफिकेट महिन्याच्या ठरावीक पैशांवर लावायचं, तो बसणार दुसरीकडे, दुकान आपण चालवायचं. "सगळेच करतात" असं मला सांगितलं गेलं. सगळे करत नाहीत. जे करतात त्यांच्या काउंटरवर रोज कुणीतरी माझ्यासारखं अंदाजानं उत्तर देत असतं. तसंच घरबसल्या, हजेरीशिवाय डी.फार्म. करून देतो म्हणणारे एजंटही भेटतात. हा कोर्स पत्राने होत नाही. कॉलेज फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते पैसे भरण्याआधी स्वतः बघा. नाहीतर पुढे नोंदणीच होणार नाही आणि वर्षंही जातील.

दुकानाचा पहिला माल आमच्या स्टॉकिस्ट मालकांनी उधारीवर दिला. एकवीस दिवसांची रीत मोडून पंचेचाळीस दिवस दिले. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टॉवेल कारखान्यातल्या पगारातून फ्रिज घेतला. परवान्यासाठी फ्रिज लागतो आणि सोलापूरच्या उन्हात तर त्याशिवाय इन्सुलिन ठेवताच येत नाही. आम्ही उघडलं त्याच्या महिनाभर आधी, 1 मार्च 2014 पासून, शेड्यूल एच-वन ही जास्त कडक नियमांच्या औषधांची यादी लागू झाली होती. वरच्या पिढीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या काही गोळ्या देताना डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव, औषध, संख्या वेगळ्या रजिस्टरला लिहायची आणि ते तीन वर्षं जपायचं. आमच्या पहिल्या रजिस्टरचं पहिलं पान अजून माझ्याकडे आहे.

पहिली पाच वर्षं मात्र कठीण गेली. फार्मासिस्ट मी एकटी. मी नसले की चिठ्ठीचं औषध द्यायचं नाही, हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवलं होतं. दुपारी एक ते चार शटर खाली. त्या तीन तासांत येणारं गिऱ्हाईक पुढच्या चौकात जायचं आणि तिकडचंच होऊन जायचं. 2016 मध्ये मला डेंग्यू झाला, आठ दिवस दुकान बंद राहिलं. यांचं आणि माझं तेव्हा खूप भांडण झालं. हे म्हणाले, नुसत्या रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तरी देऊ दे. मी अंथरुणातून नाही म्हटलं. त्या महिन्यात भाडं थकलं. आज विचार केला तर त्यांचं चुकत नव्हतं असं वाटतं. घर चालवायचं होतं. पण मी पुन्हा नाहीच म्हटलं असतं. 2019 मध्ये दुसरी फार्मासिस्ट नेमली तेव्हा सकाळी आठ ते रात्री दहा असं दुकान सलग चालू झालं आणि धंदा खरा उभा राहिला.

आमच्या भागात घरोघरी तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात मराठी आणि उर्दू. जेवणाआधी म्हणजे "तिनक मुंदु", नंतर म्हणजे "तिन्न तर्वात". अक्कलकोटच्या बाजूचे लोक आले की "ऊटक्के मुंचे" आणि "ऊटा आद मेले". हे चार शब्द नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाठ करायला लावते. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढतो. रिकामी थाळी म्हणजे उपाशीपोटी, भरलेली म्हणजे जेवून.

हप्त्याच्या पगारावर जगणारी माणसं पूर्ण पत्ता घेत नाहीत. पाच गोळ्या द्या, पगार झाला की पाच नेतो. त्यांना नाही म्हणता येत नाही. म्हणून पत्ता कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेला भाग शेवटपर्यंत आपल्याकडे राहील अशा बाजूनं कापायचा, आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर दोन्ही लिहून द्यायचे. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी इन्सुलिन कुठं ठेवायचं, हाही रोजचा प्रश्न. घट्ट झाकणाच्या डबीत घालून, डबी मातीच्या भांड्यात पाण्यावर तरंगत ठेवा आणि भांडं सावलीत ठेवा, असं सांगतो. उन्हाळ्यात बर्फाची पिशवी सोबत देतो, पण बाटली बर्फाला चिकटू नये म्हणून मध्ये कापड घालतो. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

2018 पासून टीबीचं औषध घेणाऱ्या पेशंटची माहिती केमिस्टनंही सरकारला कळवणं सक्तीचं झालं. नाव कळवलं की लोकांना भीती वाटते, लग्नं मोडतात. एकेकाला मागे बसवून समजावावं लागतं की याच नोंदीमुळे त्याला सरकारी औषध फुकट मिळेल.

बी.कॉम. वाया गेलं का, असं विचारतात. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा आजूबाजूचे चार मेडिकलवाले माझ्याकडे वह्या घेऊन बसले होते. 22 सप्टेंबर 2025 ला बहुतेक औषधांवरचा दर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, कपाटात जुन्या छापील किमतीचा माल आणि बिलावर नवा दर. तेव्हाही आमचं दुकान एक दिवस बंद राहिलं नाही. मधल्या काळात यांनी कारखाना सोडला होता. ते बी.ए. आहेत. वर्षभर दुकानात रीतसर काम केल्यावर त्या पदवीवर त्यांच्या नावानं घाऊक परवाना मिळाला. शेजारचा गाळा घेतला, आणि आता मंद्रूप, वळसंगकडच्या लहान मेडिकलना आम्ही माल पोचवतो. बायको काउंटरला, नवरा पेट्यांना, अशी आमची वाटणी आहे.

त्या थायरॉइडवाल्या मावशी आता आमच्याच गिऱ्हाईक आहेत. आल्या की डबी मीच देते, दुसऱ्या कुणाला देऊ देत नाही.

दीड वर्षापूर्वी काउंटरला एक मुलगी आली, बी.ए. झालेली. माल लावते, बिल काढते, फार चटपटीत आहे. कुणी आधी का नंतर विचारलं की गिऱ्हाइकाला "थांबा ओ" म्हणते आणि मला हाक मारते, दिवसातून तीस-चाळीस वेळा. एप्रिलमध्ये तिचा बारावीचा रसायनाचा पेपर आहे. मोल अजून समजलेला नाही. उद्यापासून तिला दुपारी गोदामात पाठवते, पेट्या मोजायला.