रातच्याला मेंढरं कुठं बसवत्यात?

आई इंग्लंडला आली त्या महिन्यात लंडन एका दिवसात उरकलं, ऑक्सफर्ड पावसात गेलं. लिहावंसं वाटतंय ते ॲस्टन रोवंटच्या उतारावरच्या एका ऑगस्टमधल्या दुपारीबद्दल.

ल्यूकनरला कोचमधून उतरून चढ धरला. चिल्टर्न डोंगरांच्या कडेवरचं हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र. खाली पांढराशुभ्र खडूचा दगड, वर जेमतेम चार बोटं माती. १९७०च्या दशकात एम-४० महामार्ग डोंगर कापून याच्या मधोमध नेला. गाड्यांचा तो आवाज शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. इतक्या नाजूक जागेतून रस्ता काढायला हात कसे धजावले, याचा मला अजून राग येतो.

लाल घारी डोक्यावर घिरट्या घालत होत्या. इंग्लंडमधून त्या नामशेष झाल्या होत्या; १९८९पासून बहुतेक स्पेनमधली पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली. मी वर बघत होतो, आई मात्र खाली. तिनं मला हाताला धरून बसवलं. मेंढीच्या लेंडीवर फिकट निळं फुलपाखरू, चॉकहिल ब्लूचा नर, क्षार चोखत होतं. त्याची अळी एकाच जातीच्या रानटी शेंगवर्गीय रोपट्यावर वाढते आणि गोड स्रावासाठी मुंग्या तिची राखण करतात, हे मी सांगत होतो. आईचा प्रश्न वेगळाच होता.

"रातच्याला मेंढरं कुठं बसवत्यात रं?"

माणदेशातली माझी आई. तिनं नेमकं मर्म पकडलं होतं. इथले जुने मेंढपाळही दिवसा डोंगरावर चारायचे आणि रात्री खालच्या वावरात मेंढरं बसवायचे. शतकानुशतकं लेंड्यांचं खत असं खाली उतरत गेलं, डोंगराची जमीन हलकी, कमी कसाची राहिली. हलक्या जमिनीत दांडगं गवत माजत नाही, म्हणून ओवा-पुदिन्यासारख्या वासाचा रानटी थाइम, जेन्शियन, ऑर्किड अशा रानफुलांना जागा मिळते. चांगल्या जागी एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातीच्या वनस्पती सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर नांगर आणि रासायनिक खतं आली, चराई थांबली तिथं झुडपं माजली, आणि ब्रिटनमधली अशी बहुतेक कुरणं गेली. आता इथं फुलांसाठी मुद्दाम मेंढ्या चारतात.

"म्हंजी डोंगराचं सत्त्व वावरात गेलं," आई म्हणाली आणि थाइमची चुरगळलेली पानं हुंगत राहिली.

परतीचा कोच चुकला. पुढचा येईपर्यंत तिनं आमच्या वावरात किती मेंढरं बसायची, धनगराला बदल्यात किती ज्वारी जायची, सगळं सांगितलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.