गावभागातल्या माडीसाठी ॲम्प्लिफायर

२०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरातला जुना ॲम्प्लिफायर गाळात गेला. बुकशेल्फ स्पीकर माडीवर होते म्हणून वाचले. मधली काही वर्षं वडिलांनी रेडिओ आणि मोबाईलवर भागवलं. शेवटी ठरलं: स्पीकर तेच ठेवायचे, ॲम्प्लिफायर नवा घ्यायचा, खर्च दहा हजारांच्या आत आणि वजन एका हातानं जिना चढवता येईल इतकंच. ही शेवटची अट नदीपासून लांब राहणाऱ्यांना विनोदी वाटेल.

दुकानात पहिला प्रश्न एकच, "किती वॅटचा पाहिजे?" एका खोक्यावर चार आकडी वॅट ठळक छापलेले, शेजारी बारीक अक्षरांत पीएमपीओ, म्हणजे क्षणभरापुरती सांगितलेली कमाल ताकद. मागच्या बाजूला विजेचा वापर मात्र ६० वॅट! साठ खाऊन हजारो बाहेर कसे येतात, असं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, आवाज तर ऐका की." ऐकला. नुसतं धबधब. विचारायचे ते आरएमएस वॅट, म्हणजे सलग देता येणारी ताकद. पीएमपीओ वाचायचीच नाही.

मिरजेचा एक मित्र डॉल्बी भाड्यानं देतो. त्यानं आपला जुना अहुजा कंपनीचा ॲम्प्लिफायर पुढे केला. "घेऊन जा गड्या, मरत नाही कधी." मरत नाही हे खरं, पण तो सभा-मंडपाचा गडी. मोनो, माइकच्या जोडण्या, कर्ण्यांसाठी १०० व्होल्टची लाइन. आम्हाला हवा होता स्टिरिओ.

खरं उत्तर स्पीकरच्या मागच्या पट्टीवर होतं: ८ ओम, ८६ डेसिबल. ओम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा; डेसिबल हे आवाजाचं माप. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. दोन मीटरवर बसलं तर सहा डेसिबल कमी होतात, पण स्पीकर दोन असल्यानं आणि भिंतींमुळे त्यातले बरेच परत मिळतात. साधं बोलणं असतं साठच्या आसपास. म्हणजे आमचं रात्रीचं ऐकणं एका वॅटच्याही आत बसतं! शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तीनच डेसिबल. पन्नासच्या जागी शंभर वॅट घेण्यासाठी जादा पैसे मोजण्यात माझ्या खोलीपुरता तरी अर्थ नव्हता. वीस प्रामाणिक वॅट पुरे.

यामाहाचा ए-एस३०१ मनात भरला होता. दर चॅनेलला ६० वॅट, टीव्हीसाठी ऑप्टिकल जोडणी, रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो जोडणी, सगळं आहे. पण बजेट मोडत होतं आणि वजन ९ किलो. मग राहिले क्लास-डीचे, म्हणजे वीज फारशी वाया न घालवणाऱ्या रचनेचे, तळहाताएवढे डबे. त्यांतल्या बऱ्याच जणांत टीपीए३११६ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असते. जाहिरातीत ५० वॅट म्हणतात, ते ४ ओमच्या स्पीकरला, २१ व्होल्टवर आणि आवाजातली १० टक्के विकृती चालवून घेतली तर. ८ ओमला किती मिळतील याचा हिशोब सोपा आहे: व्होल्टचा वर्ग भागिले १६. २४ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर ३६, लॅपटॉपच्या १९ व्होल्टवर साडेबावीस, १२ व्होल्टवर ९. ही वरची हद्द, प्रत्यक्षात थोडे कमीच. म्हणून खोक्यावरच्या वॅटआधी सोबत कुठला ॲडॉप्टर येतो ते पाहिलं. (१२ व्होल्टवरही चालतो, त्यामुळे लाइट गेली तर बॅटरीवर जोडता येतो. नऊ वॅटमध्ये आमची माडी व्यवस्थित भरते.)

निवड झाली ती मात्र कानानं. वडिलांचा आग्रह, अब्दुल करीम खाँसाहेब लावून बघ. मिरजेत राहून गेलेले, आपल्या घरचेच. पण खाँसाहेब १९३७ला गेले. ७८ आरपीएमच्या त्या मुद्रणांत मूळचीच खरखर, तीत ॲम्प्लिफायरची कुठली ओळखायची? त्याऐवजी अलीकडच्या मुद्रणातली संथ आलापी लावली, आवाज अगदी बारीक ठेवून. तानपुऱ्याच्या जवारीत, म्हणजे तारांच्या गुंजनात, ॲम्प्लिफायरची गुणगुण मिसळली की लगेच कळते. एका डब्यात गाणं थांबवलं तरी ट्वीटरमधून (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरमधून) सूं ऐकू येत होतं. दुसऱ्यात व्हॉल्यूमचं बटण तळाशी असताना डावा स्पीकर वाजे आणि उजवा गप्प; स्वस्त बटणांत हे होतं, आणि रात्री ऐकणाऱ्याला तेच नको असतं. तिसरा या दोन्हींत पास झाला, तोच घेतला. २४ व्होल्टच्या ॲडॉप्टरसह तो बजेटमध्ये बसला. स्पीकरची वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी, दीड स्क्वेअर एमएमची. महागड्या केबलकडे मी वळलोच नाही.

घरी आणल्यावर लॅपटॉप जोडला की घूंऽऽ असा आवाज येई. चार्जर काढला की बंद. दोष ॲम्प्लिफायरचा नव्हे, अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे दोन उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याचा. मोबाईल ब्लूटूथनं जोडला की ती घूं अजिबात नाही. आता लॅपटॉप बॅटरीवर ठेवूनच गाणी लावतो.

कुणाकडे रेकॉर्ड प्लेअर असेल तर या डब्यांत फोनो नसतो, हे लक्षात ठेवा. सुईतून येणारे काही मिलिव्होल्ट त्यांना पुरत नाहीत आणि आरआयएएची दुरुस्तीही (रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज आणि वाढवलेले उंच स्वर पूर्ववत करणं) होत नाही. प्लेअरमध्येच प्रीॲम्प (हे काम करणारा छोटा ॲम्प्लिफायर) नसेल तर तो वेगळा घ्यावा लागेल. बजेट ठरवतानाच ते पैसे बाजूला काढा.