लॉगिन होतं, पण यादी येत नाही

प्रयोगशाळेतली तपासणी यंत्रं आपले अहवाल एका एफटीपी (फाइली पाठवण्या-घेण्याची पद्धत) सर्व्हरला पाठवत होती. सर्व्हरवर रॉकी लिनक्स ९, त्यावर व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हरचा प्रोग्रॅम, आणि फायरवॉलडी या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये एफटीपी सेवा उघडलेली. पासवर्ड उघड्यावर जातो, असा ऑडिटचा शेरा आला म्हणून टीएलएस, म्हणजे जोडणीचं कूटबद्धीकरण, सुरू केलं आणि अहवाल अडकले. लॉगिन व्हायचं, ते झाल्याचा २३० चा संदेश यायचा; फाइलींची यादी मागितली की फाइलझिला (एफटीपी क्लायंट) २० सेकंद थांबून टाइमआउट दाखवायचं.

फायरवॉलला कुणी हात लावला नव्हता, म्हणून सगळा संशय टीएलएसच्या प्रमाणपत्रावर. मला ते पटेना. प्रमाणपत्रात खोट असती तर गाडी लॉगिनच्या आधीच अडली असती.

एफटीपीत जोडण्या दोन असतात. आज्ञा पोर्ट २१ वर जातात. डेटासाठी पॅसिव्ह मोडमध्ये (यात ती जोडणीही क्लायंटच सुरू करतो) सर्व्हर २२७ च्या उत्तरात वेगळा पोर्ट कळवतो. क्लायंटच्या लॉगमध्ये त्या उत्तराचे शेवटचे दोन आकडे होते १६८ आणि १०१. १६८ गुणिले २५६ अधिक १०१, म्हणजे ४३१०९. हा पोर्ट फायरवॉलमध्ये कधीच उघडलेला नव्हता. तरी आधी चालायचं, कारण फायरवॉलडीची एफटीपी सेवा कर्नेलचा कॉनट्रॅक हेल्पर (जोडण्यांवर नजर ठेवणारा मदतनीस) सोबत लावते. तो हेल्पर २१ वरचं संभाषण वाचतो, त्यातला पोर्ट टिपतो आणि तेवढी एक जोडणी 'रिलेटेड' म्हणून आत सोडतो. टीएलएस आलं की संभाषण कूटबद्ध होतं. हेल्परला काहीच वाचता येत नाही, आणि ४३१०९ वर आलेलं पॅकेट अनोळखी ठरतं.

खात्रीसाठी फायरवॉल बंद करून बघू, असं सुचवलं गेलं. मी त्याला ठाम नकार दिला. फायरवॉलडीच्या फायरवॉल-सीएमडी या आज्ञेने नाकारलेल्या पॅकेटांची नोंद सुरू केली की कर्नेलच्या लॉगमध्ये पोर्ट स्पष्ट दिसतो. इथे तसाच दिसला. पॅकेटं टिपून दाखवणाऱ्या टीसीपीडम्पवर विसंबू नये. येणारं पॅकेट त्याला फायरवॉलच्या आधी दिसतं, त्यामुळे 'सिन (जोडणीचं पहिलं पॅकेट) तर पोचतोय' एवढ्यावरून फायरवॉल निर्दोष ठरत नाही. लिनक्स क्लायंटवरून एनसी (पोर्टला जोडून बघणारी आज्ञा) चालवून बघावं: 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा पॅकेट पोचलंय, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, टाइमआउट झाला तर ड्रॉप (उत्तर न देता टाकून दिलेलं) झालंय किंवा वाटेत हरवलंय. फायरवॉलडी मुळात रिजेक्ट करतं, म्हणजे नकार कळवतं, म्हणून लिनक्स क्लायंटवर 'नो रूट टू होस्ट' येतं आणि लोक उगाच राउटिंग तपासत बसतात.

व्हीएसएफटीपीडीच्या कॉन्फिगमध्ये पॅसिव्ह पोर्टची किमान मर्यादा ३०००० आणि कमाल ३००९९ ठेवली. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ मधले पोर्ट वापरतं. आपली शंभराची पट्टी त्याबाहेर असलेली बरी. मग १९२.१६८.३०.०/२४ हा सबनेट (पत्त्यांचा गट) सोर्स म्हणून देऊन 'लॅब' नावाचा नवा झोन (नियमांचा संच) केला, त्यात एफटीपी सेवा आणि हे शंभर टीसीपी पोर्ट घातले, आणि पब्लिक झोनमधून एफटीपी काढून टाकलं. बदल परमनंट केले की रीलोड करावंच लागतं, नाहीतर चालू नियम जुनेच राहतात.

इथे एक खड्डा आहे. सोर्सवर बांधलेला झोन इंटरफेसच्या झोनआधी लागू होतो, आणि नवा झोन रिकामा असतो. त्याच सबनेटमधून तुम्ही एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन) करत असाल तर चालू सत्र टिकतं, नवं लॉगिन मात्र बंद. म्हणून एसएसएचही त्या झोनमध्ये घातलं आणि जुनं सत्र न सोडता दुसऱ्या टर्मिनलवरून आत जाऊन पाहिलं.

रीलोडनंतर फाइलझिलात यादी आली. एका जुन्या यंत्राला मात्र ५२२ मिळालं: 'सेशन रीयूज रिक्वायर्ड'. हा दोष फायरवॉलचा नाही. डेटा जोडणीने आधीचंच टीएलएस सेशन वापरावं, अशी व्हीएसएफटीपीडीची मूळ अट असते आणि त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरला ते जमत नव्हतं. ही अट सैल करायला मी सहसा तयार नसतो, कारण डेटा घेणारा तोच क्लायंट आहे याची खात्री तिच्यामुळे होते. इथे पोर्ट एकाच सबनेटला उघडे होते, म्हणून 'रिक्वायर_एसएसएल_रीयूज' नो केलं, सेवा रीस्टार्ट केली आणि नाकारलेल्या पॅकेटांची नोंद बंद केली.